सातबारा म्हणजे सात डिसेंबर नव्हे

"आमच्या डेटाबेसमध्ये माहिती बरोबर आहे. एक्सेलमध्ये उघडल्यावर तिचं काय होतं, ती आमची जबाबदारी नाही." सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या विकास सोसायट्यांच्या आणि पतसंस्थांच्या ऑफिसांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की ते आता नियमासारखं बोललं जातं. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याचा माणूस ते बोलतो, सचिव मान डोलावतात आणि खापर क्लार्कच्या डोक्यावर फुटतं: "तुम्हाला फाइल नीट उघडता येत नाही."

सहकारी संस्थांच्या हिशेबतपासणीच्या कामात मला अठरा वर्षं झाली. या वाक्यातला पहिला भाग कधी कधी खरा असतो. दुसरा कधीच खरा नसतो. तो का खरा नसतो हे मला सविस्तर सांगायचं आहे, कारण या वाक्याचा भुर्दंड ते बोलणाऱ्याला पडत नाही. तो ज्याचा सातबारा त्या यादीत असतो त्याला पडतो.

माण तालुक्यातल्या एका सोसायटीतली गोष्ट घ्या. पीक कर्जाच्या कमाल मर्यादेचं पत्रक, ज्याला आमच्याकडे सगळे 'क. म.' म्हणतात, ते तयार करायचं होतं. सभासदांची यादी सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही फाइल म्हणून काढली आणि क्लार्कने तिच्यावर दोनदा क्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडली. एका आजींची जमीन गट नंबर बारा बाय तीनमध्ये होती. डेटाबेसमध्ये ती '१२/३' अशीच होती. शीटमध्ये तिथे आलं '१२-मार्च'. क्लार्क हुशार होता, त्याच्या नजरेत ते आलं. त्याला कधीतरी शिकवलं होतं की असं झालं तर रकान्याचं फॉरमॅट 'टेक्स्ट' करायचं. त्याने केलं. मग तिथे आलं ४५७२८. पुढची फाइल ज्या प्रणालीत चढली, तिने हा आकडा निमूटपणे घेतला. साडेतीनशे गटांच्या गावात आजींची जमीन ४५७२८ नंबरच्या गटात गेली आणि त्यांचं कर्ज अडलं. त्या तीन वेळा एसटीने तालुक्याला आल्या. तिसऱ्या वेळी माझ्या टेबलावर हात ठेवून म्हणाल्या, "बाई, सासऱ्याच्या वक्तापासनं आमचा गट बाराच हाय. ह्यो कुठला आणला?"

तो आकडा कुठून आला हे नीट पाहू. सीएसव्ही ही साधी मजकुराची फाइल असते. कोणता रकाना तारखेचा, कोणता रकमेचा आणि कोणता निव्वळ मजकुराचा, हे तिच्यात कुठेच लिहिलेलं नसतं. ते डेटाबेसला माहीत असतं, पण फाइल काढताना ही माहिती टाकून दिली जाते. मग एक्सेल अंदाज करतं. 'बारा, तिरपी रेघ, तीन' दिसलं की ते तारीख समजतं, चालू वर्ष स्वतःहून जोडतं आणि आत साठवतं फक्त दिवसांची संख्या, १९०० सालापासून मोजलेली. २०२५ सालचा १२ मार्च म्हणजे ४५७२८. फॉरमॅट 'टेक्स्ट' केल्यावर हा आतला आकडा उघडा पडतो. मूळचं १२/३ तोवर त्या खान्यात उरलेलंच नसतं.

याहून वाईट प्रकार पुढे आहे. कॉम्प्युटरची सेटिंग भारतीय असेल तर १२/३ हा १२ मार्च होतो, अमेरिकन असेल तर ३ डिसेंबर. एकाच ऑफिसात दोन टेबलांवर दोन सेटिंग मी पाहिल्या आहेत. म्हणजे एकावर गट १२/३ आणि दुसऱ्यावर गट ३/१२ उघडला तर दोन वेगळ्या शिवारांच्या जमिनी एकाच तारखेत जमा होतात. त्यात २१२/३ सारखा मोठा गट तारीख होऊ शकत नाही, म्हणून तो जसाच्या तसा राहतो. ३/१/२ असा पोटहिस्सा मात्र ३ जानेवारी २००२ होतो. यादीतल्या वरच्या दहा ओळींत मोठे गट असले तर नजर टाकणाऱ्याला सगळं ठीकच वाटणार. आणि ज्या उताऱ्यावर अख्ख्या महाराष्ट्राची शेती उभी आहे, त्याचं नावच गाव नमुना सात आणि बारा. ७/१२ असं शीटच्या खान्यात टाकून पाहा. आपल्याकडच्या सेटिंगला तो सात डिसेंबर होतो.

आता "क्लार्कला ट्रेनिंग द्या" या उत्तराकडे येते. हे उत्तर देणाऱ्यांनी जनुकशास्त्रज्ञांचं काय झालं ते पाहावं. माणसाच्या काही जनुकांची संक्षिप्त नावं 'मार्च१', 'सेप्ट२' अशी होती. एक्सेल त्यांच्या तारखा करत असे. २००४ साली हा दोष छापून आला, म्हणजे सगळ्यांना तो ठाऊक झाला. तरीही २०१६ साली झीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'जीनोम बायॉलॉजी'त दाखवून दिलं, की जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत हीच चूक होती. ते डॉक्टरेट झालेले लोक होते. त्यांच्या लेखांवर परीक्षक बसलेले होते. बारा वर्षं धोका माहीत असून त्यांच्या हातून हे सुटलं, आणि आपण दहिवडीच्या किंवा जतच्या गटसचिवाला सांगतो की तुझं लक्ष नव्हतं. शेवटी २०२० साली जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नावंच बदलली. २०२३ साली मायक्रोसॉफ्टने एक्सेलमध्ये असा आपोआप बदल थांबवण्याची सोय दिली.

ही सोय आली तेव्हा मला आनंद झाला होता. मग ती वापरून पाहिली. सुरुवातीची शून्यं तिच्यामुळे वाचतात, लांब आकडे वाचतात. तारखांच्या बाबतीत मात्र ती अक्षर आणि आकडा सलग जोडून लिहिलेल्या मजकुरापुरती आहे. तिरपी रेघ मध्ये असलेला आपला गट नंबर तिच्या कक्षेत येत नाही. जनुकांना नवी नावं देता आली. सातबाऱ्याला कोण नवं नाव देणार? आणि का द्यावं? ज्या बाजूला रकान्याचा प्रकार माहीत आहे, त्या बाजूने तो सांगायला हवा. ती बाजू फाइल काढणाऱ्याची आहे.

इथे पुरवठादार म्हणतो, मग सीएसव्ही सोडून एक्सेलची फाइल देतो. तो देतोही. ती उघडताना सूचना येते, की फाइलचा प्रकार आणि तिच्या नावाची शेपटी जुळत नाहीत, तरी उघडायची का? त्याने क्लार्कला आधीच सांगून ठेवलेलं असतं: "येस दाबा." ही सूचना का येते? कारण आत एक्सेलची फाइल नसतेच. वेबपानावरचं टेबल एक्सएलएस अशी शेपटी लावून पाठवलेलं असतं. अंदाज करण्याचं काम पुन्हा एक्सेलच्याच गळ्यात, आणि वर धोक्याची सूचना न वाचता पुढे जाण्याची सवय क्लार्कच्या बोटांना लागते. खरी एक्सएलएसएक्स फाइल लिहिणारी साधनं फुकट मिळतात. पायथनसाठी ओपनपायएक्सेल आहे, जावासाठी अपाची पीओआय आहे. पीएचपीस्प्रेडशीटमध्ये तर 'ही किंमत मजकूर म्हणूनच लिही' अशी वेगळी आज्ञाच आहे. गट नंबर, खाते क्रमांक, आधार, मोबाइल हे चार रकाने मजकूर म्हणून लिहायला प्रोग्रामरला एक दुपार पुरते. वर्षाची देखभाल फी घेणाऱ्याकडून संस्थेने एक दुपार मागणं जास्त नाही.

आधारची गोष्ट गटापेक्षा गंभीर आहे. बारा आकडी संख्या साध्या खान्यात आली की एक्सेल ती संक्षेपाने दाखवतं. १२३४५६७८९०१२ ऐवजी दिसतं १.२३४५७ई+११. इथवर नुकसान झालेलं नसतं, खान्याच्या आत पूर्ण संख्या शाबूत असते. पण क्लार्कने ती फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केली, की जे दिसतं तेच फाइलमध्ये लिहिलं जातं. दुसऱ्यांदा उघडल्यावर संख्या असते १२३४५७००००००. पहिले आकडे जवळजवळ सारखे असलेले दोन सभासद आता एकाच आधारचे होतात, आणि गावात कुजबुज सुरू होते की कुणीतरी बोगस नाव घातलं. सोळा आकडी बँक खात्याचं तर सेव्ह करण्याचीही वाट पाहावी लागत नाही. एक्सेल पंधरा आकड्यांपर्यंतच अचूक आहे, सोळावा उघडताक्षणी शून्य होतो. सुरुवातीला शून्य असलेलं खातं शून्य गमावतं. एनईएफटीने पाठवलेले पैसे खाते क्रमांक पाहून जमा होतात हे लक्षात घ्या. एका आकड्याच्या फरकाने ऊस बिल परत येतं किंवा भलत्याच्या खात्यात जातं.

यावर उपाय नव्हता असंही नाही. आधारचा शेवटचा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून वेरहॉफ पद्धतीने काढलेला असतो, तो मुळात अशा चुका पकडण्यासाठीच आहे. शून्यांनी संपणारी ती संख्या फाइल चढवतानाच बहुतेक वेळा अडली असती. मी ज्या पाच-सहा सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम अशी संख्या घालून पाहिली, त्यातल्या एकानेच ती नाकारली.

मराठी अक्षरांचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. पण त्यातला एक भेद महत्त्वाचा आहे, आणि तो ट्रेनिंगमध्ये कुणी सांगत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'सातारा' म्हणजे सहा चिन्हं, अठरा बाइट. 'सांगली'चेही तेवढेच. फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची तीन बाइटची खूण नसेल तर एक्सेल तो मजकूर जुन्या रोमन संचातला समजतं आणि अठरा विचित्र चिन्हं दाखवतं, त्यात दर तिसऱ्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन 'ए'. हे दिसलं तर घाबरू नका, अक्षरं सुरक्षित आहेत. फाइल बंद करा, सेव्ह करू नका. कोऱ्या शीटमध्ये 'डेटा' टॅबमधून टेक्स्ट/सीएसव्ही आयात करा, फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ युनिकोड निवडा आणि डेटा टाइप ओळखू नका असं सांगा. गट नंबरही त्याच वाटेने वाचतील. पण नावांच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हं दिसली तर अक्षरं गेलेली आहेत, ती कुठल्याही सेटिंगने परत येत नाहीत. ती साठवतानाच गेली, डेटाबेसमधून बाहेर पडताना गेली की आपणच साध्या सीएसव्हीत सेव्ह करताना गेली, हे शोधावं लागतं. पहिल्या प्रकारात "आमच्या डेटाबेसमध्ये बरोबर आहे" हे वाक्यसुद्धा खोटं ठरतं. म्हणून प्रश्नचिन्हं दिसली की मी पुरवठादाराला फोनवर उत्तर देऊ देत नाही. डेटाबेसमधली ती ओळ समोर उघडून दाखवायला सांगते.

आणि एक कऱ्हाड. 'ऱ्ह'मधला र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो, डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. एका यादीत एक, दुसऱ्या यादीत दुसरा, आणि तिसरीत कुणी सरळ 'कराड' लिहिलेलं. व्हीलुकअप लावलं की निम्मे सभासद सापडत नाहीत, मग क्लार्क ते हाताने भरत बसतो. फाइल बाहेर देण्याआधी सगळी नावं एका रीतीत आणणं प्रोग्रामरला जमतं, क्लार्कला नाही, कारण त्याला तो फरक दिसूच शकत नाही.

पत्त्यातल्या स्वल्पविरामाने रकाने सरकतात, हीसुद्धा क्लार्कची चूक म्हणून सांगितली जाते. स्वल्पविराम असलेला मजकूर अवतरणात घालायचा, हा नियम आरएफसी ४१८० या टिपणात २००५ सालीच लिहून ठेवलेला आहे. १,२५,००० अशी स्वल्पविरामाची रक्कम अवतरणाशिवाय पाठवणारं सॉफ्टवेअर एका कर्जाचे तीन रकाने करतं. यात क्लार्कने काय करायचं होतं?

दुसरा एक पक्ष आहे, तो जास्त शिकलेला आहे. तो म्हणतो, मुळात एक्सेल वापरूच नका, सगळे रिपोर्ट सॉफ्टवेअरमधूनच काढा. मला हे मत पटलं असतं, जर सोसायटीकडे माहिती मागणारे सगळे शीटमध्ये मागत नसते. २०१७ च्या कर्जमाफीत बँकांकडून एक ते सहासष्ट रकान्यांत माहिती घेतली गेली. त्या रात्री ज्यांनी सोसायटीच्या ऑफिसात काढल्या त्यांना 'सहासष्ट कॉलम' हे शब्द अजून आठवतात. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मान्यता दिली, २,५१६ कोटी रुपयांची. चांगली योजना आहे, मी तिच्या बाजूने आहे. पण जुन्या सॉफ्टवेअरमधली माहिती नव्यात जाते तेव्हा माझ्या पाहण्यात मधला पूल शीटचाच असतो. पुलावरून जाऊ नका म्हणणाऱ्याने आधी दुसरा रस्ता दाखवावा.

या पुलावरून ओळीही गळतात. साखर कारखान्याच्या शेतकी विभागात दिवसाला उसाच्या पाचशे खेपा म्हटल्या तरी एकशे चाळीस दिवसांच्या हंगामात सत्तर हजार वजनपावत्या होतात. जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ च ओळी मावतात. पुढच्या ओळी काही सॉफ्टवेअर न बोलता सोडून देतात. हंगामाच्या शेवटी ज्यांचा ऊस गेला, ते यादीत नसतात. हे घडू शकतं यावर विश्वास बसत नसेल तर इंग्लंडकडे पाहा. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने प्रयोगशाळांचे निकाल याच जुन्या फाइल प्रकारात ओतले, आणि कोरोनाचे १५,८४१ रुग्ण मोजणीतून सुटले. त्यांच्या संपर्कातल्या माणसांना वेळेवर कळवलं गेलं नाही. त्या देशात यावर संसदेत प्रश्न विचारले गेले. आमच्याकडे शेतकी विभागातल्या चिटबॉयला विचारतात, "पावती खरंच आणली होती का?"

हे सगळं आपल्याला नवीन का वाटावं, हे मला कळत नाही. सहकारातल्या जुन्या सचिवांना ते पूर्ण माहीत होतं, फक्त कॉम्प्युटरशिवाय. कीर्दीतली नोंद खतावणीत नेताना ते कीर्दीवर खतावणीचं पान लिहीत, खतावणीवर कीर्दीचं. महिनाअखेर तेरीज काढत. तेरीज जुळली नाही तर कुणी म्हणत नसे, "माझी कीर्द बरोबर आहे, खतावणीशी माझा संबंध नाही." रात्री कंदिलाच्या उजेडात दोन आण्यांचा फरक शोधत बसत. नोंद एका वहीतून दुसरीत नेणं ही त्याच माणसाची जबाबदारी होती, आणि ती दोन्ही टोकांना तपासली जाई. डेटाबेसमधून शीटमध्ये माहिती काढणं ही खतावणीच आहे. मग फाइलबरोबर तेरीज का येत नाही? एकूण ओळी किती, रकमांची बेरीज किती, खाते क्रमांक किती वेगळे, हे तीन आकडे डेटाबेसमध्ये मोजून फाइलसोबत द्यायला काय लागतं? क्लार्क शीटमध्ये तेच तीन मोजेल. सत्तर हजारांच्या जागी ६५,५३६ आले, दोन सभासदांचं खातं एक झालं, रक्कम सरकून पत्त्यात गेली, यातलं काहीही त्या तीन आकड्यांतून निसटायला बघेल तर पहिल्याच मिनिटाला दिसेल.

क्लार्कचे दोष मला दिसत नाहीत असं नाही. मूळ फाइलची प्रत न ठेवता तिच्यातच काम करणं, खान्यात ##### दिसलं की रकाना रुंद करण्याऐवजी आकडा पुन्हा टाइप करणं, हे मी रोज पाहते आणि रोज रागावते. त्या चुका त्याच्या आहेत, त्याने सुधारल्या पाहिजेत. पण १२/३ ची १२ मार्च होणं ही त्यातली नाही.

दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आत सोसायट्यांच्या वार्षिक सभा होतात. या वर्षी मी ज्या संस्थांचं काम पाहते, त्यांच्या सचिवांना सॉफ्टवेअरच्या कराराला जोडायला एक ओळ दिली आहे. ती डेटाबेसमध्ये भरायची, शीटमध्ये काढायची, शीट सेव्ह करून परत चढवायची. आत गेली तशीच बाहेर आली, तरच देखभालीचं बिल मंजूर. ओळ अशी: गाव कऱ्हाड. गट १२/३, पोटहिस्सा ३/१/२. पत्ता 'मधली आळी, मारुती मंदिरामागे'. खाते क्रमांक सोळा आकडी, सुरुवातीला दोन शून्यं, शेवटी सात. रक्कम १,२५,०००. चार पुरवठादारांकडे ती पाठवून तीन आठवडे झाले. दोघांनी फोन करून विचारलं, की खातं खरं आहे का. एकाने शीट परत पाठवली आहे. तिच्यात गट १२/३ आहे, खात्याचा शेवटचा आकडा सात आहे, आणि खाली ओळींची मोजणी लिहिलेली आहे. त्याचं बिल मी मंजुरीसाठी पाठवलं.